मैतरकडून पैसे घ्यायचे का?

चाळीसगाव स्टेशनजवळच्या आमच्या टपरीवर परवा जो राडा झाला, त्याची काडी आप्पानं टाकली. आप्पाचं कापडाचं दुकान. वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्याला तैलचित्र हवं होतं, अठरा बाय चोवीस इंची. पेंटर म्हणाला, सहा हजार. आप्पाच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

"मैतरकडथून पैसा लेस का रे भो?"

पेंटर आमच्या शाळेतला. एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलं, दहा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवली. पगार आला तर आला. आता नोकरी सोडून घराच्या पडवीत क्लास चालवतो आणि बाहेरच्या ऑर्डरी घेतो. उद्यम नोंदणीही केली. (ती ऑनलाइन फुकट होते, तरी सायबरवाल्यानं तीनशे काढलेच.)

त्यानं टपरीवरचा पेपर ओढला आणि कोपऱ्यात आकडे मांडले. "गेल्या वर्षी असंच चित्र अडीच हजारांत दिलं. कॅनव्हास, फ्रेम, रंग, जवसाचं तेल धरून नऊशे गेले. सहा दिवस बसलो. उरले सोळाशे, म्हणजे रोजचे 266. तुझ्या गोडाऊनला गिलावा केला त्या गवंड्याला रोज काय दिलास?"

आप्पा गप्प. आठशे दिले होते, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

नाना रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना राहवलं नाही. "अरे, कला अशी मोजायची नसते. याच गावात मूस साहेब होते. बंगल्याबाहेर पाऊल नाही, पैशाची हाव नाही."

छायाचित्रकार केकी मूस (1912-1989) हे आमच्या गावाचं हुकमी पान. कुठल्याही वादात कोणीतरी ते टाकतंच. पण पेंटरनं यावेळी तेच उचललं. "नाना, मूस इंग्लंडहून कमर्शियल आर्ट शिकून आले होते. प्रेयसी येईल म्हणून ते रोज रात्री पंजाब मेलची वाट बघायचे, ही गोष्ट आपण सांगतो. बंगल्याचं लाइट बिल कोण भरायचं, हे विचारलंय कधी कोणी?"

मास्तरांना इतिहासाचा चान्स मिळाला. "अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा खर्च वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव यानं केला. तिथं शिलालेखच आहे. पैसे देणारा कोणीतरी तेव्हाही होता."

"मग यानंबी एक मंत्री शोधावा," नाना फणकारले.

मास्तरांचं मत वेगळंच. चित्रंबित्रं सोड, क्लासवर जोर दे, दर महिन्याला पैसा येतो. यावर पेंटर खरा तापला. क्लास म्हणजे कापूस, म्हणाला. जूनमध्ये पडवी भरते, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा डोळ्यासमोर असतात. परीक्षा झाली की दिवाळीनंतर चार पोरं उरतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला 7 मार्क, बी ला 5, सी ला 3. आईबाप तेवढंच विचारतात. पोराच्या स्मरणचित्रातली माणसं सगळी एकाच बाजूला का बघतात, हे विचारणारा बाप अजून भेटायचाय.

म्हणून त्यानं दोन गोष्टी बदलल्या. परीक्षा नसलेली रविवारची बॅच काढली. त्यात छोटी पोरं आहेत, चार बायका आहेत आणि एक रिटायर तलाठी. आणि फी तीन महिन्यांची आधी. महिन्याची घेतली की पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी... पोरंही गायब, फीही गायब. माझ्या मते त्याच्या सगळ्या धंद्यातली शहाणपणाची गोष्ट हीच. भाव वाढवायला छाती लागते, वेळेवर पैसे मागायला त्याहून मोठी.

भिंतींच्या कामात मात्र पोळला. एका शाळेची कंपाउंड वॉल रंगवली, फुटावर भाव ठरला होता. साहेबांनी तीनदा डिझाइन बदलायला लावलं, पैसे पुढच्या वर्षी आले. आता निम्मे पैसे आधी, कागदावर सही, दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीचे पैसे. दुकानांचे बोर्ड तर फ्लेक्सनं केव्हाच खाल्ले. रात्री सांगितलं की सकाळी टांगलेला, आणि वर नेत्याचा फोटो!

मी म्हणालो, "बराबर आहे. मैतर असला तरी पैसे द्यायलाच पाहिजेत."

पेंटर माझ्याकडे वळला. "तुझ्या गॅरेजच्या बोर्डाचे चौदाशे बाकी आहेत. 2019 पासून."

"देस ना भो," मी म्हणालो. सगळे असे हसले की टपरीवाला बाहेर आला. पेंटरनं शांतपणे पाकिटातून क्यूआर कोडचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. काय करणार, दिले.

आप्पा हसत नव्हता. "पाचमा जमी का?"

"सहा. तीन आज. आणि फोटो नीट आण, लग्नातल्या घोळक्यातला नको."

आप्पानं कप खाली ठेवला. "बाबांचा एकट्याचा फोटोच नाही रे. कधी काढलाच नाही."

पेंटर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. पेपरचा कोपरा फाडून खिशात घातला. "रविवारी बॅच सुटल्यावर ये. तूच समोर बस. नाक त्यांचंच आहे तुझं."