गॅमा मीटरला नत्र दिसत नाही

द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. निफाडपासून दिंडोरीपर्यंत चार जणांनी तोच मला पाठवला: ‘खताच्या पुडीला गॅमा स्पेक्ट्रोमीटर (गॅमा किरण ऊर्जेनुसार मोजून आलेख काढणारं यंत्र) लावा. नत्र, स्फुरद, पालाश, तिन्हींची शिखरं आलेखात दिसतात. भेसळ तिथल्या तिथे कळते. मीटर टिकटिकला तर खत विषारी.’

पालाशाचं, म्हणजे पोटॅशियमचं, खरं आहे. नैसर्गिक पोटॅशियममध्ये जेमतेम ०.०१२ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि ते १४६१ केईव्हीचे (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं एकक) गॅमा किरण सोडतं. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममागे सेकंदाला तीनेक किरण. झिरो झिरो पन्नासच्या, म्हणजे पोटॅशियम सल्फेट खताच्या, किलोभर पुडीत ४१५ ग्रॅम पोटॅशियम भरतं (पन्नास टक्के हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातला), म्हणजे शिखर दिसणारच. मी पुडी ठेवून पाहिली, दिसलं. मग पुडी उचलली, तरी बारीकसं शिखर राहिलंच! भिंतीच्या विटांतही पोटॅशियम असतं ना. ते आधी वजा केल्याशिवाय आकडा काढायचा नाही. (स्वस्तातला गायगर काउंटर तर नुसती टिकटिक मोजतो, किरणाची ऊर्जा त्याला कळतच नाही.)

नत्र आणि स्फुरदाचे अणू मात्र स्थिर, आपणहून गॅमा सोडत नाहीत. न्यूट्रॉनचा मारा केला तर नत्रही १०.८ एमईव्हीचा (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) किरण देतं. सिमेंट कारखान्यांत पट्ट्यावरचा कच्चा माल याच तत्त्वावर तपासतात. पण त्याला न्यूट्रॉनचा स्रोत लागतो, तो शेडमध्ये कुठून आणणार? सिंगल सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खताच्या गोणीजवळ कधीकधी ६०९ केईव्हीला शिखर येतं. ते स्फुरदाचं नव्हे, बिस्मथ-२१४ चं. हे खत ज्या रॉक फॉस्फेट खडकापासून बनतं, त्यातल्या युरेनियमच्या विघटन-साखळीतून आलेलं. खाणीगणिक ते कमीजास्त होतं, त्यावरून स्फुरदाचे टक्के निघत नाहीत.

‘विषारी’बद्दल काय बोलायचं! पोटॅशियम-४० तुमच्या-माझ्या अंगातही आहे.

खरी फसगत भेसळीत आहे. झिरो झिरो पन्नास म्हणून कुणी पांढरं म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) गळ्यात मारलं, तर गॅमा मीटर त्यालाही ‘पालाश आहे’ म्हणणार, उलट जरा जास्तच दाखवणार. द्राक्षाला नको असतं ते क्लोराइड, आणि क्लोरीन या आलेखात उमटतच नाही. त्यापेक्षा डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर खत विरघळवा, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. म्युरेट असेल तर दह्यासारखा पांढरा साका लगेच धरतो. चांगल्या सल्फेटमध्ये फार तर हलका गढूळपणा येतो.