झाडोऱ्यावर नांगर टाकणाऱ्यांनो

टेक्सासच्या लेक फोर्क तलावावर आज पुन्हा तेच. १८ फुटांवर बुडवलेल्या झाडोऱ्यावर क्रॅपी मासे निवांत, आणि एक महाभाग मोटर घरघरवत येऊन बरोब्बर वरून धाडकन नांगर सोडतो. अरे, नांगर वारा येतो त्या बाजूला लांब टाकायचा, दोर सोडत होडी मागे येऊ द्यायची, जिग (वजन लावलेला आमिषाचा गळ) फेकता येईल एवढं अंतर राखून थांबायचं! मासे पांगले ते पांगलेच. निघताना नांगर फांद्यांत अडकला, तर याने मोटर लावून ओढला. कुणीतरी सीडरची झाडं तोडून, सिमेंटचे ठोकळे बांधून बुडवलेला अख्खा झाडोरा उलथला. वर हसून विचारतो, काही लागतंय का? तुझं डोकं लागतंय!

आधीच हा जूनचा मोसम छळवादी. अंडी घालायला काठाला आलेला क्रॅपी शेंबड्या पोरालाही सापडतो. नंतर माद्या आधी खोलात जातात, नर घरटी राखून मागून येतात. मग सगळे जुन्या ओढ्याच्या पात्राकडेला, पुलाच्या खांबांशी, पाण्यात उभ्या मेलेल्या झाडांत अधांतरी. त्यांची नजर वर. जिग माशाच्या खाली गेलं की फुकट, फूटभर वरच धरा. १/१६ औंसाच्या जिगला तोंड लावत नसतील तर १/३२ लावा, ते हळू उतरतं. पण नाही, आमचे वीर तळ खरवडत बसणार.

आणि लागला की दांडगा बास मासा असल्यासारखा हिसका! क्रॅपीचं तोंड कागदाचं, फाटणारच. रॉड नुसता उचला, खाली जाळी धरा. मिनोंच्या, म्हणजे आमिषाच्या जिवंत छोट्या माशांच्या, बादलीत नळाच्या पाण्याचा बर्फ ओतणारे तर वेगळेच. क्लोरीनने मिनो उलटे तरंगले की दुकानदाराच्या नावाने शिमगा. पाणी गोठवलेली बंद बाटली सोडा की!

एवढा थयथयाट कशासाठी, तर हप्त्यांवर घेतलेल्या, पाण्याखालचं थेट दाखवणाऱ्या लाइव्ह सोनारच्या पडद्यावर एक वीतभर मासा जिगपाशी येतो, निरखतो, आणि पाठ फिरवून जातो. ते ढळढळीत दिसावं म्हणून आपणच पैसे मोजलेत. धन्य!

बरं, नऊ इंची पिल्लं गुपचूप कूलरमध्ये कोंबणाऱ्यांनो, दहा इंच म्हणजे दहा इंच. मापाची सूट इथे डिसेंबर ते फेब्रुवारी, तीही पकडलेले पहिले २५ ठेवायचेच या अटीवर. आता जून आहे, पट्टी काढा.