‘हजार फूट जा, पाणी लागतंच’ : बोअरच्या फॉरवर्डला उत्तर

एप्रिल लागला की शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: पृथ्वीच्या पोटात समुद्राच्या तिप्पट पाणी आहे, हे शास्त्रज्ञांनी 2014 मध्येच सिद्ध केलंय. वरचं पाणी आटतं, पण खालचे झरे बारमाही असतात, त्यांचा पावसाशी संबंध नाही. म्हणून तीनशे फुटांवर थांबू नका, हजार फूट जा, पाणी लागतंच. चांगला पाणाड्या गाठा. आणि रान तुमचं आहे, तर खालचं पाणीही तुमचंच. या मजकुराखाली बऱ्याचदा बोअरच्या गाडीवाल्याचा मोबाइल नंबर असतो, हेही सांगितलेलं बरं.

आधी ते ‘तिप्पट पाणी’. बातमी होती, पण ती बोअरवाल्यांच्या कामाची नव्हती. ब्राझीलमध्ये मिळालेल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट नावाच्या खनिजाचा बारीकसा कण सापडला आणि त्यात वजनाच्या साधारण एक टक्का पाणी निघालं. त्याच वर्षी भूकंपलहरींच्या अभ्यासातूनही तशीच चिन्हं मिळाली. त्यावरून अंदाज बांधला गेला, की 410 ते 660 किलोमीटर खोलीवरच्या त्या अख्ख्या थरात असंच असेल, तर एकूण पाणी प्रचंड भरेल. हे अंतर किलोमीटरमध्ये आहे, फुटांत नाही. शिवाय तिथलं पाणी वाहत नाही, साचत नाही. ते स्फटिकाच्या घडणीतच अडकलेलं असतं. माणसाने आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला इथे आहे, आणि तेही 12 किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं.

खरी गोम दुसऱ्या मुद्द्यात आहे: जितकं खोल, तितकं पाणी जास्त.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग काळा पाषाण. पुन्हा एखादा सच्छिद्र मांजऱ्या खडक, कुठे दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल मातकट पट्टा, आणि पुन्हा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, मांजऱ्याच्या एकमेकींना जोडलेल्या छिद्रांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतंच. खाली जावं तसा वरचा भार वाढतो, खडक कमी झिजलेला असतो आणि भेगा मिटत जातात.

बोअर चालू असताना गाडीजवळ उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला पिवळट-तांबूस मुरमाची भुकटी येते. सांधा लागला की ती ओली होते, चिखल उडतो, गाडीवाला ‘दीड इंच पाणी आहे’ म्हणतो (बोअरची धार इंचांतच सांगतात). त्यानंतर तासन्‌तास राखाडी कोरडा फुफाटा उडत राहतो. मीटर मात्र फुटावर चालू असतो.

खोलवर पाणी कधीच लागत नाही, असं नाही. चारशे-पाचशे फुटांवर एखादा सांधा भेटतो आणि पहिल्या वर्षी मोटर जोरात चालते. पण त्या सांध्यापर्यंत पाऊस फार हळू पोचतो. उपसा त्याच्या कितीतरी पट असतो. दोन-चार हंगामांत धार अर्ध्यावर येते, मग मोटर तासाभरात हवा ओढते. फॉरवर्ड पहिल्या वर्षी लिहिलेला असतो.

आणि हजार फुटांचं म्हणाल तर 1993 च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला संशोधनासाठी खोल छिद्र घेतलं गेलं. साधारण 340 मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या आसपास, बेसॉल्ट संपला आणि खाली लागला तो अब्जावधी वर्षांचा जुना कठीण खडक. पाताळातली नदी काही भेटली नाही.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. यावल-रावेरकडे गाळ जाड आहे, तिथे खोलीला अर्थ आहे, आणि केळीवाल्यांनी पातळी किती खाली नेली ते त्यांनाच विचारा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खोल गेलात तर पाणी लागेलही, पण ते खारं, पिकाला देता येणार नाही.

‘खालच्या झऱ्यांचा पावसाशी संबंध नाही’ हा मुद्दा आकड्यांनी सोडवू. 600 मिलिमीटर पावसाचं गाव धरा. बेसॉल्टच्या मुलखात त्यातला साधारण दहावा हिस्सा भूजलात उतरतो, म्हणजे 60 मिलिमीटर. एका एकरावर हे होतं सुमारे 2 लाख 40 हजार लिटर. उसाला हंगामभर 2000 मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. पाऊस पूर्ण कामी आला असं मानलं तरी 1400 मिलिमीटर वरून द्यावं लागतं, एकरी 56 लाख लिटरच्या वर. म्हणजे एका एकराच्या उसाला तेवीस एकरांचा पाझर. ठिबकने यात चांगली बचत होते, तरी बाकीच्या एकरांचे मालक दुसरे कुणीतरी असतात, हे बदलत नाही. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते जिल्ह्यात बोअर कमी होते म्हणून नव्हे.

इथेच ‘शेजाऱ्याला सातशे फुटांवर लागलं’ हा पुरावाही तपासता येतो. अशा बोअरच्या केसिंगला, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पाइपला, मोटर बंद असताना कान लावा. पुष्कळदा आत पाणी पडल्याचा आवाज येतो. केसिंग वीस-चाळीस फूट, बाकी भोक उघडं. वरच्या थरातलं, विहिरींचं पाणी त्या उघड्या भोकात शिरतं आणि खाली जाऊन बसतं. सातशे फुटांवरून उपसलेलं पाणी सातशे फुटांवर ‘लागलेलं’ असतंच असं नाही. आजूबाजूच्या चाळीस-पन्नास फुटी विहिरी त्याच उन्हाळ्यात का आटल्या, याचं उत्तर बऱ्याचदा या आवाजात असतं.

विजेचा हिशेब फॉरवर्डमध्ये येतच नाही. हजार लिटर पाणी सातशे फूट उचलायला पंप अगदी परिपूर्ण असता तरी अर्ध्या युनिटहून जास्त वीज लागली असती. प्रत्यक्षात सव्वा ते दीड युनिट जातं. चाळीस फुटांच्या विहिरीतून तेच काम त्याच्या सतराव्या हिश्शात होतं. आपली बहुतांश वीज कोळशावरची. शेतीचं बिल माफ झालं म्हणून चंद्रपूरला जळणारा कोळसा माफ होत नाही. सौरपंपाने कोळसा वाचेल, पण सूर्य फुकट म्हणून दिवसभर उपसा चालला तर भोक आणखी लवकर कोरडं पडेल.

पाणाड्याबद्दल थोडक्यात. 1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ मोठी चाचणी झाली. सुमारे पाचशे जणांतून उत्तम वाटलेले 43 निवडले, खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ इकडून तिकडे हलवला आणि वरून तो ओळखायला सांगितलं. निकालांची पुढे पुन्हा छाननी झाली, तेव्हा ते अंदाजपंचे उत्तरांहून वेगळे नव्हते. आपल्याकडे पाणाड्या बऱ्याचदा खरा ठरतो, कारण ओढ्याकाठी, सखल रानात, मुरूम जाड असेल तिथे कुठेही खणलं तरी थोडंफार लागतंच. जुना जाणता पाणाड्या ही जमीन वाचतो. नारळ फक्त हातात असतो. आणि ज्यांचे बोअर कोरडे गेले, ते ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत.

राहिला ‘पाणी माझंच’. जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी घेऊ देणाऱ्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून हा समज पक्का बसलाय. पण महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि शेती व उद्योगासाठी ती घेण्यावर बंधन घातलंय. अंमलबजावणी कशी आहे ते गाडीवाल्यांचे दरपत्रक सांगतं; दर शंभर फुटांना वाढत जाणारे दर त्यात उघड छापलेले असतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने मात्र कायद्याची वाट न पाहता शेतीसाठी बोअर घेणं ग्रामसभेत बंद केलं आणि पावसाळा संपला की विहिरींच्या पातळीवरून पुढची पिकं ठरवायला सुरुवात केली. कमी पावसाच्या वर्षी तिथे जास्त पाण्याची पिकं घेतली जात नाहीत.