खुलासा : देवमासा पाणघोड्यापासून उत्क्रांत झालेला नाही

‘पाणघोडा समुद्रात उतरला आणि त्याचाच देवमासा झाला’ असा संदेश सध्या फिरत आहे. या दोघांचे नाते खरे आहे, किंबहुना डीएनएच्या तुलनेत पाणघोड्याला डुकरापेक्षा देवमासाच जवळचा ठरतो (हे ऐकायला विचित्र वाटते, हे मान्य). परंतु ते पूर्वज-वंशजाचे नसून समान पूर्वजामुळे आलेले नाते आहे. पाकिस्तानात सापडलेल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य देवमाशांना पाय होते आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीवाश्मांनुसार त्यांच्या घोट्याचे एक हाड दोन्ही टोकांना कप्पीच्या आकाराचे होते, जी समखुरी प्राण्यांची (म्हणजे गाय, डुक्कर, पाणघोडा यांसारख्या, पायाला सम संख्येने खूर असलेल्या प्राण्यांची) खास ओळख आहे. पाणघोड्याच्या कुळाचे जीवाश्म मात्र त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आढळू लागतात. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास ही दुरुस्तीही तेथेच द्यावी.