घोडे काय खात होते?

गडावरच्या सहलीत किंवा इतिहासाच्या व्याख्यानानंतर कुणीतरी हमखास विचारतो, "मोहिमेवर सैनिक जेवत काय होते?" श्रोते हसतात आणि वक्ते दोन वाक्यांत उत्तर उरकून पुन्हा रणांगणाकडे वळतात. हे हसणे मला पटत नाही. तलवारीच्या वजनाबद्दल मात्र आपण मन लावून ऐकतो, आणि लढाईतली तलवार साधारण किलो-सव्वा किलोची असे, असे सांगितले की अनेकांचा हिरमोड होतो.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांमागे (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांमागे) एक पखालजी आणि एक नालबंद, असा तिथे हिशेब आहे. पाणी वाहणारा आणि घोड्यांना नाल ठोकणारा हे दोघे पथकाच्या बांधणीतच धरलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्यामागेही धार्मिक मुहूर्ताइतकाच व्यवहार होता, कारण पाऊस सरलेला असे, नद्यांना उतार मिळे आणि माळावर गवत उभे असे.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र तर प्रत्येकाने वाचावे. पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणू लागाल, असा त्यातला इशारा आहे. पुढे चुली, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव आणि रात्री जळता ठेवलेला दिवा यांबद्दलही ताकीद आहे, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या भस्म होतील. हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्याचा दाखला म्हणून नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते ते तितकेच कोठाराचा कठोर हिशेब मांडणाऱ्या सेनापतीचेही पत्र आहे.

पानिपताची चर्चा आपण भाऊसाहेबांच्या निर्णयांवर, फार तर होळकरांवर आणून थांबवतो. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती धान्याचा मोठा साठा आला होता. तरीही अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला आणि मराठ्यांची रसद तुटत गेली, तर त्याच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याच्या मुलखातून त्याला धान्य मिळत राहिले. गंगा-यमुनेमधल्या दुआबात शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बुणगे (न लढणारे नोकरचाकर), यात्रेकरू आणि बायकामुलेही होती, आणि त्या सर्वांना रोज खायला लागत होते. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले ते उपासमार असह्य झाल्यामुळे, आणि ज्या घोड्यांवर ते विसंबून होते तीही चाऱ्यावाचून खंगलेली होती. त्या दिवशीच्या डावपेचांवर वाद घालणाऱ्यांनी आधी त्या अडीच महिन्यांतल्या दाण्यागोट्याची चौकशी करावी.