रडारवाली मालजहाजं आणि एक फिरता गैरसमज

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. शीतयुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ मालजहाजांवर (दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेली साधी जहाजं) गुपचूप रडार बसवलं, व्यापारी जहाजांच्या वेशात ती सोव्हिएत किनाऱ्यावर पाठवली, त्यातलं एक इस्रायलने फोडलं आणि मग भांडं फुटल्यामुळे ही भंगार योजना गुंडाळावी लागली, असं त्यात म्हटलंय. कथा झकास आहे, पण जवळपास प्रत्येक वाक्य चुकलंय.

आधी ‘वेशांतर’. लिबर्टीवर रडार बसवून तयार केलेली ‘गार्डियन’ वर्गाची ही १६ जहाजं अमेरिकी नौदलात रीतसर दाखल होती. करडा रंग, ३ इंची तोफा, बाजूला ठळक क्रमांक आणि डोक्यावर भलामोठा अँटेना. हा कसला वेश?

ती सोव्हिएत किनाऱ्यावरही नव्हती. आठ अटलांटिकमध्ये आणि आठ पॅसिफिकमध्ये, अमेरिकेच्याच किनाऱ्यापासून काहीशे मैल आत समुद्रात पहारा देत. जमिनीवरच्या रडारला क्षितिजापलीकडचं विमान दिसत नाही, म्हणून सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची चाहूल आधीच लागावी यासाठी ही आघाडीची चौकी.

इस्रायलचा मुद्दा निव्वळ नावाच्या गोंधळातून आलाय. ८ जून १९६७ ला हल्ला झाला तो ‘यूएसएस लिबर्टी’वर, ३४ जण मारले गेले. ते जहाज संदेश टिपणारं होतं, म्हणजे त्याला हेरजहाज म्हणायला हरकत नाही. पण नाव ‘लिबर्टी’ असलं तरी ते ‘लिबर्टी’ प्रकारच्या नव्हे, ‘व्हिक्टरी’ या वेगळ्या प्रकारच्या मालजहाजातून घडवलेलं. शिवाय रडारवाली जहाजं १९६५ मध्येच सेवेतून गेली होती! दोन वर्षं आधी निवृत्त झालेली जहाजं त्या हल्ल्यामुळे कशी निवृत्त होतील?

राहिलं ‘भंगार’. लिबर्टीचा वेग जेमतेम ११ नॉट (ताशी सुमारे २० किमी), हे खरं. पण यांना कोणाचा पाठलाग करायचाच नव्हता, आठवडेच्या आठवडे एकाच पट्ट्यात घुटमळायचं होतं. तिथे विनाशिका वापरणं म्हणजे शर्यतीचा घोडा रहाटाला जुंपणं. मालजहाजाच्या पोटात इंधन, रडारची यंत्रणा आणि सुमारे दीडशे माणसं आरामात मावत. निवडही डोळसपणे केलेली होती: खोक्यांत भरलेली विमानं वाहण्यासाठी बांधलेला खास उपप्रकार घेतला, ज्यात नेहमीच्या पाचऐवजी चार, पण मोठी गोदामं होती.

योजना थांबली ती क्षेपणास्त्रांमुळे. खंड ओलांडून अर्ध्या तासात येणाऱ्या अस्त्रापुढे विमानं टिपणारी रडार काय करणार? ग्रीनलंडमधलं थुले, अलास्कातलं क्लिअर आणि इंग्लंडमधलं फायलिंगडेल्स इथे १९६३ पर्यंत क्षेपणास्त्र हेरणारी प्रचंड रडार उभी राहिली, आणि समुद्रातल्या या चौक्यांवरचा खर्च डोळ्यांत येऊ लागला.