सॉ मिलचा भुसा चिंचिलाला चालतो म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा तर सख्ख्या मावसबहिणीने पाठवला, म्हणून लिहायला बसले. मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे की चिंचिला (उंदराच्या कुळातला, दाट मऊ लवेचा छोटा प्राणी), गिनीपिग, हॅमस्टर पाळणाऱ्यांनी दुकानातली महाग बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यात अंथरायचे लाकडाचे छिलके, घेऊच नये, जवळच्या सॉ मिलमधून भुसा आणावा, दोन दिवस कडक उन्हात घालावा आणि पिंजऱ्यात टाकावा. लाकूड नैसर्गिक, हे प्राणी रानात झाडांवरच राहतात, आणि लाकूड वासाचं असेल तर अजून उत्तम, किडे येत नाहीत आणि लघवीचा वास मारत नाही. खाली "कोकणातल्या प्रत्येक प्राणीप्रेमीपर्यंत पोचवा".

माझ्याकडे कुडाळात बुंदी आहे, राखाडी चिंचिला, चार वर्षांची. मुंबईची मैत्रीण परदेशी गेली तेव्हा तिच्याकडून आली. आल्या आल्या मीपण नेमकं हेच केलं होतं, भुसा आणला, गच्चीवर वाळवला, ट्रे भरला. तिसऱ्या दिवशी ती सारखी शिंकायला लागली, एक डोळा पाणावला, आणि अंगावरून हात फिरवला की बोटांना पिवळट पीठ लागायचं. इथे असल्या प्राण्यांचं बघणारं कोणी नाही, गोव्यातल्या एका डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला तर त्यांनी आधी ट्रे दाखवायला सांगितला, बुंदीला नंतर बघितलं. ट्रे रिकामा केला, पिंजरा पुसून काढला, चार-पाच दिवसांत शिंका थांबल्या.

आता एकेक मुद्दा घेते.

"लाकूड नैसर्गिक आहे, कुठलंही चालतं." कुठलं लाकूड पण? ते पिवळं पीठ कसलं हे बघायला मी परत सॉ मिलवर गेले होते. मोठ्या पट्टीच्या करवतीखाली खड्डा असतो, भुसा त्यात पडतो. तिथल्या काकांना विचारलं ह्यात काय काय आहे, तर म्हणाले, "सकाळी साग चिरलंव, मगे फणस, आता आंबो. सगळो भुसो एकाच खड्ड्यात पडता, वेगळो खय करतलंव?" पिवळेपणा फणसाचा होता, पण मला भीती सागाची वाटली. सागाच्या आणि शिसवीच्या लाकडात अशी द्रव्यं असतात की रोज काम करणाऱ्या सुतारांनासुद्धा त्यांनी अंगाला खाज सुटते, चट्टे येतात. लाकडाची बारीक धूळ तर माणसासाठीच कॅन्सरकारक म्हणून जागतिक यादीत आहे. आणि इथे वीतभर उंचीचा जीव त्याच धुळीत चोवीस तास नाक घालून बसणार, वर ती लाकूड कुरतडणार, कारण चिंचिलाचे दात जन्मभर वाढत राहतात, समोर येईल ते ती चावतेच.

बरं, मिलमध्ये नुसतं झाडच येतं असंही नाही. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला बोर्ड) कापलं की त्यातला फॉर्मल्डिहाइडचा गोंद भुशात येतो. जुन्या घराचे वासे चिरायला आले तर त्यांना वाळवीचं औषध मारलेलं असतं, आपल्याकडे कोण नाही मारत? ते ओळखायचं कसं, भुशाकडे बघून काहीच कळत नाही.

"वासाचं लाकूड असेल तर अजून उत्तम." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला कारण हा सरळ उलटा आहे. सिडार किंवा कच्च्या, म्हणजे भट्टीत न वाळवलेल्या पाइनचा (दोन्ही राळेची, वासाची झाडं) तो छान वास म्हणजे लाकडातून उडणारी तेलं आणि रसायनं. किडे त्यानेच पळतात, मान्य, पण जे किड्याला झोंबतं ते बंद पिंजऱ्यात बुंदीच्या फुप्फुसात आणि लिव्हरमध्येही जातं. हे काही मी मनाचं सांगत नाही, १९६७ सालीच अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसलं होतं की सिडार-पाइनच्या बेडिंगवर ठेवलेल्या उंदरांवर झोपेच्या औषधाचा असर लवकर उतरतो, कारण ती बेडिंग त्यांच्या लिव्हरला जादा कामाला लावते. आणि लघवीचा वास मारत नाही म्हणजे काय? लघवीतून सुटणारा अमोनिया वायू तिथेच असतो, फक्त आपल्या नाकाला कळत नाही, मग ट्रे बदलायचा राहतो आणि प्राणी त्यातच बसून.

ह्यावरून कोणी "म्हणजे पाइन म्हणजे विषच" असं म्हणत असेल तर तेही खरं नाही. भट्टीत वाळवलेलं, किल्न ड्राइड म्हणतात ते पाइन, त्यातला उडणारा भाग बराच गेलेला असतो आणि ते जगभर चिंचिलासाठी वापरतात. अ‍ॅस्पेन (पॉपलरच्या जातीचं झाड) त्याहून निर्धास्त, त्यात ती वासाची भानगडच नाही.

"उन्हात घातला की झालं." उन्हाने पाणी जातं, राळ आणि बरंचसं तेल तिथेच राहतं. भट्टीची आच वेगळी, अंगणातलं ऊन वेगळं. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन असतं कुठे? हवेतच इतकी ओल की सुकं खोबरं आठवड्यात बुरसतं. दमट भुशात बुरशी धरते, आणि चिंचिलाची लव इतकी दाट असते, एकेका छिद्रातून पन्नासच्या वर केस, की ओल आत शिरली की सुकता सुकत नाही आणि गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही.

मेसेजच्या खाली कोणीतरी लिहिलंय की आंब्याच्या पेट्या किंवा पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून ते छिलके वापरा, देवदार असतं ते. आपल्याकडे सुतार खोक्याच्या हलक्या लाकडाला सरसकट देवदार म्हणतात, बहुतेक वेळा ते पाइनच असतं, ते पण साधं, भट्टीतलं नाही. एक्सपोर्टच्या खोक्यावर इंग्रजीत "एचटी" शिक्का दिसला म्हणून फसू नका, त्याचा अर्थ लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलं, कीड मरावी म्हणून, तेवढंच. "एमबी" असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते घरातच आणू नका.

"हे प्राणी रानात झाडांवरच राहतात." चिंचिला झाडावर राहत नाही. ती चिलीतल्या अँडीजच्या कोरड्या उतारांवर दगडांच्या कपारीत राहते, इल्यापेलजवळ तिच्यासाठी १९८३ पासून राखीव क्षेत्रच आहे. कोरडी थंड हवा आणि खडक, म्हणून तर बुंदीची खोली आम्ही एसीने २०-२२ वर ठेवतो, पंचवीसच्या पुढे गेलं की तिला त्रास व्हायला लागतो.

"आमच्याकडे दोन वर्षं टाकतो, काही झालं नाही." झालं नसेलही, आनंद आहे, पण हे प्राणी आजार लपवतात, खाणं बंद केल्यावर आपल्याला कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. लिव्हरवरचा ताण बाहेरून दिसत नाही.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे, बेडिंग महाग पडते, त्यात कुरियर. मी काय करते ते सांगते. चिंचिला शक्यतो एकाच कोपऱ्यात लघवी करते, लेंड्या कोरड्या असतात, त्या झाडूने निघतात. तर त्या कोपऱ्यात एक पसरट स्टीलची परात, त्यात दोन बोटं अ‍ॅस्पेनचे छिलके, दर दोन दिवसांनी फक्त तेवढेच बदलायचे, आणि बाकी फळ्यांवर फ्लीसचं (स्वेटरसारखं मऊ, कृत्रिम धाग्याचं) कापड, कडा आत दुमडून शिवलेलं. कापड कुरतडून खायला लागली तर लगेच काढायचं, धागे पोटात अडकतात, त्याच कारणाने जुनी गोधडीपण नको. भाताचं तूसही नको, टोचतं आणि धूळ फार. अशाने एक पिशवी आम्हाला महिनोन्महिने पुरते. फोडलेली पिशवी पावसाळ्यात तशीच ठेवू नका, आमच्या आईचा तांदळाचा जुना पत्र्याचा डबा आहे घट्ट झाकणाचा, त्यात ओततो, आणि काढताना आधी मूठभर नाकाशी धरून बघतो, कुबट वास आला तर तो सगळा डबा माडाच्या अळ्यात.